येसाजी तांबटाचे परसदार

मालकी आणि वहिवाट हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. पण ते एक नव्हेत. वस्तू कोणाची, हे मालकी सांगते. त्या वस्तूचा उपयोग कोण, किती काळापासून, कोणाचीही हरकत न येता करीत आला, हे वहिवाट सांगते. मालकी कागदावर उमटते. वहिवाट बहुधा शेजाऱ्यांच्या स्मरणात राहते. पुढील कथेचा भार या दुसऱ्या शब्दावर आहे.

नदीकाठच्या एका पेठेत येसाजी नावाचा तांबट भाड्याच्या खोलीत राहत असे. तांब्याची भांडी घडविणाऱ्याला भट्टी हवी, आणि भाड्याच्या जागेत भट्टी कोणी घालू देत नाही. म्हणून तो आजवर दुसऱ्याच्या भट्टीवर राबला. हात थकण्यापूर्वी स्वतःचे घर आणि घरामागे स्वतःची भट्टी, एवढीच त्याची इच्छा होती. अखेर रंगोपंत नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थांचे एक घर विकाऊ असल्याचे त्याला कळले. घर भक्कम होते. मागे अरुंद परस, आणि परसात विहीर.

त्या पेठेत एक रीत होती. घर घेणाऱ्याने सौद्यापूर्वी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे, पाणी मागावे आणि विचारावे, "या वास्तूत तुमचे काय आहे?" या प्रश्नाचा राग कोणी मानीत नसे, घर विकणाराही नाही.

येसाजीची पत्नी सोनाई म्हणाली, "अहो, चारी ओटे फिरून या एकदा."

"पंत मला येसाजीराव म्हणाले," येसाजी म्हणाला. "जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. आता त्यांच्या पाठीमागे त्यांचीच चौकशी करत हिंडू?"

"घरात राव नाही राहायचा. आपण राहायचंय."

तो गेला नाही. घरातील प्रत्येक तुळई मात्र त्याने ठोकून पाहिली. विहिरीत वाकून पंतांना विचारले, "पाणी बारमाही?"

"बारमाही. आळीत कुणालाही विचारा," पंत म्हणाले.

येसाजीने कोणालाही विचारले नाही. जन्माची कमाई ओतून त्याने खरेदीखत केले.

पहिल्याच सकाळी तो विहिरीलगत भट्टीसाठी खड्डा खणू लागला. तेवढ्यात परसदार लोटून सात बायका घागरी घेऊन आत आल्या. पुढे शेजारची वृद्ध ठकूमावशी होती.

"बाजूला हो बाबा, दोर ओला आहे."

"मावशी, हे घर मी घेतलंय."

"घे की. घर तुझं, पाणी आळीचं. माझ्या सासूच्या सासूपासून." तिने खड्ड्याकडे पाहिले. "आणि हे काय, भट्टी? म्हणजे आम्ही रोज निखाऱ्यांवरून चालत यायचं? आम्हाला काय नवस फेडायचाय?"

परस इतका अरुंद होता की तेथे भट्टी तरी राहिली असती, किंवा वाट तरी. येसाजी तसाच पंतांकडे गेला.

"हे सांगितलं का नाहीत?"

"विचारलंत का?" पंत म्हणाले. "तुळया ठोकल्यात, माणसं नाही पाहिलीत. आता एक करा. परसदाराला आतून कडी घाला. महिनाभर ओरडतील, मग नदीवर जातील."

दुसऱ्या दिवशी येसाजीने कडी घातली. बायका दाराबाहेर येऊन थांबल्या. कोणी ओरडले नाही. थोड्या वेळाने ठकूमावशी वळली आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन नदीचा उतार उतरू लागली. येसाजी भिंतीवरून पाहत होता. ती घागर त्यानेच घडविली होती. भरल्यावर ती किती जड होते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

सोनाई मागे येऊन उभी राहिली. "कडी राहिली तर शेजार नाही राहायचा."

"आणि काढली तर भट्टी नाही राहायची."

"माहीत आहे. म्हणून तर काही बोलत नव्हते."

येसाजी दाराशी गेला. मग त्याने कडी काढली आणि हाक मारली, "मावशी, माघारी या!"

"अर्धी वाट उतरवून मग बोलावतोस होय रे!" ठकूमावशी खालून म्हणाली, आणि सावकाश चढू लागली.

त्याच दिवशी येसाजीने खड्डा बुजविला. सोनाईने जेथे पाहुण्यांना बसवायचे योजिले होते, त्या ओसरीत भट्टी घातली. वर्षभरात घर धुराने काळवंडले.

ही कथा सांगणारे बहुतेक जण शेवटी जोडतात की, येसाजीचा चांगुलपणा पाहून आळीने त्याला भट्टीसाठी वेगळी जागा दिली. तसे घडले नाही. जागा कोणी दिली नाही. देण्याजोगी कोणापाशी नव्हतीच. भट्टी त्याच्या हयातभर ओसरीतच राहिली. न विचारलेल्या एका प्रश्नाचे मोल त्याने स्वतः भरले, ते शेजाऱ्यांच्या डोक्यावर चढविले नाही. बक्षिसाचा शेवट जोडणारे नेमके हेच पुसून टाकतात.

तात्पर्य: घर घेताना भिंतींच्या आधी शेजाऱ्यांना विचारावे, आणि भिडेपोटी विचारायचे राहून गेलेच, तर त्या चुकीचा भार आपण वाहावा, तो दुसऱ्याच्या वाटेत टाकू नये.