वैद्याने उपटलेला उंबरा

पूर्वी समुद्राकाठच्या शूर्पारक नगरीत धृतिषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे वैद्य होते.

त्या वर्षी तापाची साथ आली. राजाने धान्याचं कोठार उघडलं, काढ्याच्या कढया चढवल्या. चांगलंच केलं. पण कुंजरक नावाच्या अमात्याने अट घातली: ज्याच्या घराला उंबरा, त्यालाच माणशी वाटा. उंबरा बसवून पुजला की घर नगरात धरलं जाई, अशी तिथली रीत होती.

नगराबाहेर मिठागरं होती. दुष्काळात देश सोडून आलेली साठ कुटुंबं तिथे मीठ काढीत. दर पावसाळ्यात भरतीमुळे झोपड्या हलवाव्या लागत. उंबरा बसवणार कुठे? दहा वर्षं नगराने यांचं मीठ खाल्लं, आणि साथ येताच म्हणे, तुम्ही कोण? खाल्ल्या मिठाला जागायची नगराची ही तऱ्हा!

मिठागरातल्या रेवाची लेक तापाने फणफणली होती. कोठारावरून रेवाला हाकलून दिलं. घरात दाणा नाही, म्हणून ती आणि तिचे शेजारी अंगात ताप असतानाच मिठाच्या पाट्या घेऊन नगरात दारोदार फिरले. निवळत आलेली साथ त्या आळ्यांत पुन्हा भडकली. लोक ओरडले, "उपऱ्यांनी रोग आणला!" अरे, उपाशी ठेवलं कुणी त्यांना?

रेवा वैद्याच्या दारी आली. "बाबा, माझं राहू द्या. पोरीच्या घशाखाली दोन दिवस काही उतरलं नाही."

बोधिसत्त्वांनी आपला वाटा तिला दिला आणि तडक राजसभा गाठली. "अमात्य, ताप उंबरा बघून आत शिरतो का हो? आजाऱ्याला घरी बसा म्हणता, मग त्याच्या घरात पेज नको?"

कुंजरक हसला. "उंबरा दाखवा, वाटा न्या."

"दाखवतो."

बोधिसत्त्वांनी पहारीने स्वतःच्या घराचा उंबरा उपटला, खांद्यावर वाहून नेला आणि रेवाच्या झोपडीपुढे चिखलात रोवला. मग सभेत येऊन म्हणाले, "माझं घर आता मिठागरात. तिथली तीनशे माणसं माझ्या घरची. वाटा पाठवा."

"मग नगरातलं घर गेलं तुमचं!"

"खड्ड्यात गेलं."

राजाची मान खाली गेली. "अट मोडा," तो म्हणाला. कढया मिठागरात पोचल्या, आजारी माणसं घरी राहिली, महिन्याभरात साथ हटली. रेवाची लेक वाचली. पण अट मोडेपर्यंतच्या बारा दिवसांत तिथली एकोणीस माणसं गेली. ती कुणी परत आणली नाहीत.

ही कथा भगवंतांनी एका विहारात सांगितली. परदेशाहून आलेल्या आजारी भिक्षूला तिथल्या भिक्षूंनी दाराबाहेर ठेवलं होतं.

"तेव्हाचा राजा म्हणजे हा भिक्षू आनंद," भगवंत म्हणाले. "रेवा म्हणजे बाहेर कण्हतोय तो भिक्षू. वैद्य मी होतो."

"आणि अमात्य?" कुणीतरी विचारलं.

"तो इथेच बसलाय. नाव मी घेणार नाही. त्याने उठावं आणि दार उघडावं. करुणा ती, बाकी नुसती बडबड."

सगळेच भिक्षू उठले.