मापाडिणीची लेक

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कावळ्यांना अजून माणसांशी बोलायचा कंटाळा आला नव्हता आणि माणसांनाही त्यांचं ऐकून घ्यायला वेळ होता, त्या काळातली.

एका नदीकाठच्या गावात ऊस उदंड पिकायचा. त्या गावात एक मापाडीण राहायची. बाजारात धान्य येवो, गूळ येवो की हळद, तराजू तिनेच धरायचा असा गावचा रिवाज होता. तिच्या हाताला गुण होता. गुळाची ढेप उचलली की ती न तोलता वजन सांगायची, आणि तराजू नंतर मुकाट्याने तेच सांगायचा. मोजताना मात्र ती कधी 'एक' म्हणायची नाही. जुन्या मापाड्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन, चार. "पहिलं माप देवानं दिलेलं, त्याला आकडा लावू नये," असं तिला तिच्या बापाने शिकवलं होतं.

या मापाडिणीला दहा वर्षांची एक लेक होती. तिचं नाव वेणू. वेणू म्हणजे नुसतं वारं! सकाळी नदीवरून पाणी आणायची, दुपारी चिंचेच्या शेंड्यावर असायची, आणि दिवस कलायला लागला की बापाच्या गुऱ्हाळावर जाऊन बसायची. तिचा बाप गुळव्या होता. काहिलीत रस उकळत असायचा, माणसं ऊस वाहत असायची, आणि वेणू उसाच्या मोळीवर बसून खणखणीत आवाजात पुस्तक वाचून दाखवायची. पुस्तकं गावच्या पंतोजींकडची. म्हातारबुवांनी आयुष्यभर पुस्तकांशिवाय दुसरं काही जमवलं नव्हतं. वेणूचं वाचन रंगलं की ऊस वाहणारे मोळी खांद्यावर घेऊन तसेच उभे राहायचे, आणि गुळव्याला ओरडावं लागायचं, "अरे, रस करपतोय!"

इतकं सगळं करायचं म्हणजे भूक लागणारच. वेणू घरी आली की दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, पालेभाजी आणि वर ताक, असं पोटभर जेवायची आणि बोटं चाटत उठायची.

मार्गशीर्षात नवा गूळ निघाला की त्या गावात जत्रा भरायची. जत्रेत गावातल्या प्रत्येक मुलाची गुळाने तुला व्हायची. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात ढेपा. मग तो गूळ गावभर वाटायचा. मूल वाढलं की गूळ वाढला, आणि गूळ वाढला की गावाचं तोंड गोड झालं, इतका साधा हिशोब. जड मुलासाठी लोक टाळ्या वाजवत.

पण त्या वर्षी जत्रेत एक चित्रं विकणारा आला. त्याच्याकडे राजकन्यांची चित्रं होती. नाक चाफेकळी, मान लांब, आणि कंबर एवढीशी की मुठीत मावावी. बायकांनी ती चित्रं हातोहात नेली. मापाडिणीनेही एक घेतलं आणि स्वयंपाकघरात चुलीसमोरच्या भिंतीला लावलं. भाकऱ्या थापता थापता ती चित्राकडे बघायची, मग स्वतःकडे बघायची आणि हळूच पोट आत ओढून घ्यायची. जेवायला बसायचंही तिने सोडलं. उभ्या उभ्या दोन घास खायची आणि "झालं माझं" म्हणायची. वेणू चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. लेकरं आपलं ऐकतात किती हा वादाचा विषय आहे, पण बघतात मात्र सगळं.

तुलेचा दिवस आला. वेणू उडी मारून पारड्यात बसली. मापाडीण ढेपा ठेवू लागली. "लाभ, दोन, तीन, चार, पाच..." मागच्या वर्षी पाचांत काम झालं होतं. या वेळी पारडं हललंसुद्धा नाही. सहावी ढेप गेली. सातवी गेली तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

"अगं बाई!" मापाडीण हसून म्हणाली. "सात! वेणाबाई, पारडं मोडशील गं माझं!"

सगळी जत्रा हसली. वेणूही हसली, पण उतरताना तिने उडी मारली नाही, हळूच पाय खाली टेकले. शेजारीण म्हणाली, "पोरीच्या जातीला एवढं वाढणं बरं नव्हे हो, मापाडीणबाई." आणि घरी आल्यावर, दुसरी भाकरी वाढता वाढता मापाडिणीचा हात थबकला.

"एक कमी खाल्लीस तर काय बिघडणार आहे?" ती म्हणाली.

बोलणाऱ्याचं बोलून झालं. मापाडीण ते वाक्य दुसऱ्या दिवशी विसरलीसुद्धा.

वेणू विसरली नाही. तिने दुसरी भाकरी सोडली. मग पहिलीतली अर्धी सोडली. आई विचारेल म्हणून ताट घेऊन ती परसात जायची आणि कडुनिंबावरच्या कावळ्याला भाकरी घालायची. पहिल्या दिवशी कावळ्याला वाटलं, पितृपक्ष लवकर आला. मग रोजच यायला लागला, तेव्हा त्याने कारण विचारणं सोडून दिलं. आयतं मिळालं की शहाणासुद्धा प्रश्न विचारत नाही, तो तर कावळा.

महिन्या दोन महिन्यांत लोक म्हणायला लागले, "काय शेलाटी दिसायला लागलीय हो पोर!" मापाडीण सुखावली. वेणू आताशा चिंचेवर चढत नाही, हे तिला दिसलं, पण तिला वाटलं, पोर शहाणी झाली. गुऱ्हाळावरचं वाचनही मंदावलं. पंतोजींनी दिलेल्या नव्या पुस्तकात एका नावाड्याच्या मुलीची गोष्ट होती. पुराच्या पाण्यातून ती एकटी नाव घेऊन पलीकडे निघाली होती. नाव भोवऱ्यात सापडली आणि नेमकी तिथेच वेणूने खूण घालून पुस्तक मिटलं. "उद्या वाचते," म्हणाली. आठ दिवस गेले तरी तो उद्या काही आला नाही. ऊस वाहणारी माणसं हळहळली. "त्या पोरीचं काय झालं असेल रे?" असं ती एकमेकांना विचारत राहिली.

फाल्गुनातल्या एका सकाळी मापाडीण बाजारात हळद तोलत होती. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, धापा टाकत, चक्क पायी चालत एक कावळा आला.

"मावशी, लवकर चल! वेणू नदीच्या वाटेवर पडलीय. कळशी एकीकडे, ती एकीकडे!"

मापाडिणीच्या हातातून तराजू सुटला. "आणि तू चालत काय आलास? उडायला काय झालं होतं?"

"उडता येईना, म्हणून तर चालत आलो," कावळा खाली मान घालून म्हणाला. "तीन महिने तुझ्या लेकीच्या भाकऱ्या मी खातोय. माझं अंग उडण्यासाठी, तिचं अंग धावण्यासाठी. तिच्या वाटणीचं मी खाल्लं. आता मला उडता येत नाही आणि तिला धावता येत नाही."

"मेल्या, माझ्या लेकीच्या तोंडचा घास खाल्लास?" मापाडिणीने दगड उचलला.

"मार हवं तर. पण 'एक कमी खाल्लीस तर काय बिघडणार आहे' हे कोण म्हणालं, मावशी? मी वळचणीला बसून ऐकत होतो."

दगड तिच्या हातून आपोआप गळला. ती धावत सुटली.

वेणू वाटेच्या कडेला निपचित पडली होती. डोळे उघडे होते, पण उठायची ताकद नव्हती. मापाडिणीने तिला दोन्ही हातांनी उचललं, आणि उचलताक्षणी तिच्या हातांनी तिला वजन सांगितलं. पुढे पाऊल टाकायचं सोडून ती तिथेच उभी राहिली आणि रडायला लागली. ज्या हातांना पसाभर धान्याचा फरक कळायचा, त्या हातांनी तीन महिन्यांत पोरीला एकदाही जवळ घेतलं नव्हतं. डोळ्यांनी बघत राहिली आणि फसली.

मग काय विचारता! मापाडिणीने घरात सणच मांडला. पुरणपोळी केली, लाडू वळले, शेवयांची खीर केली आणि ताट वाढून लेकीसमोर बसली. "खा गं माझे बाई, एक घास खा." वेणूने तोंड फिरवलं.

"आई, तू माझ्याकडे तशीच बघतेस," ती बारीक आवाजात म्हणाली. "तराजूत घालून बघावं तशी."

मापाडीण उठली आणि पंतोजींकडे गेली. म्हातारा ओसरीवर पुस्तकांना ऊन दाखवत बसला होता. तिने सगळं सांगितलं आणि पदर डोळ्याला लावला. "पंतोजी, माझी पोर वाचेल ना हो? एक शब्द बोलले मी. हसत बोलले."

"हसत बोललेलाच जास्त खोल जातो, पोरी," पंतोजी म्हणाले. "आणि गेलेला शब्द उपटून काढता येत नाही. त्याच्यावर चांगले शब्द पेरावे लागतात. वेणूने अर्धी टाकलेली गोष्ट आहे ना, ती तिला वाचून दाखव."

"मला कुठलं वाचायला येतं? मला आकडेच येतात. अक्षरं लावत लावत कशीबशी..."

"कशीबशी वाच. आणि आणखी एक. तू स्वतः शेवटचं बसून कधी जेवलीस?"

मापाडीण तशीच मागे फिरली.

ती घरी आली. आधी तिने भिंतीवरची राजकन्या काढली. मग साधाच स्वयंपाक केला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, डाळीची आमटी, ताक. दोन ताटं वाढली, एक लेकीपुढे सरकवलं आणि स्वतः मांडी घालून जेवायला बसली. भाकरी मोडून खाता खाता डाव्या हातात पुस्तक धरून वाचायला लागली.

"ना... व... भो... भोव... ऱ्यात..."

एक ओळ संपेपर्यंत आमटी निवली. दुसऱ्या ओळीवर मापाडीण दोनदा घसरली. वेणूने बराच वेळ सहन केलं. मग तिला हसू आवरेना. "आई, असं वाचतात होय! दे इकडे."

तिने पुस्तक ओढून घेतलं आणि वाचायला लागली. नावाड्याच्या मुलीने वल्हं घट्ट धरलं. पाणी नाव आत ओढत होतं. मुलीचे दंड भरून आले, तरी ती वल्हवत राहिली. एवढं वाचलं आणि वेणूला धाप लागली.

"त्या पोरीच्या अंगात केवढी ताकद होती," वेणू म्हणाली. मग तिने चुलीसमोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. "आई, ती चित्रातली राजकन्या असती, तर तिला वल्हवता आलं असतं?"

मापाडिणीच्या जिभेवर दहा उपदेश आले. तिने ते सगळे गिळले. "कुणास ठाऊक," एवढंच म्हणाली, आणि कावळा दिसतोय का ते बघायला खिडकीकडे वळली. वळली ती मुद्दाम वळलीच राहिली.

मागे भाकरी मोडल्याचा आवाज आला. अगदी लहानसा. मापाडिणीला वाटलं, आयुष्यात इतका गोड आवाज आपण ऐकला नव्हता.

त्या दिवशी वेणूने चतकोर भाकरी खाल्ली आणि चार पानं वाचली. एका दिवसात सगळं सुधारलं असं काही झालं नाही. कधी ती ताट तसंच सरकवायची, कधी रडायची. मापाडीण बोलायची नाही. रोज आपलं ताट घेऊन शेजारी बसायची आणि अडखळत ओळ वाचायची, की पुढची ओळ वेणू वाचायची. नाव पैलतीराला लागली तोवर चतकोराची अर्धी झाली होती. ती गोष्ट संपल्यावर पंतोजींनी दुसरी दिली, आणि दुसरीच्या मध्यावर एका दुपारी चिंचेच्या शेंड्यावरून हाक आली, "आई, भूक लागली!" मापाडीण चुलीपाशी होती. तिने पिठाचे हात तसेच डोळ्यांना लावले.

कावळाही आपला घास आपण शोधायला लागला आणि पुन्हा उडायला लागला. ती राजकन्या कुठे गेली म्हणाल, तर मापाडिणीने तिची घडी घालून लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधली होती. तिथे ती फार उपयोगी पडली.

पुन्हा मार्गशीर्ष आला. नवा गूळ निघाला. वेणू तराजूपाशी आली आणि थांबली. जत्रा बघत होती. मागच्या वर्षीचं हसू तिच्या कानात अजून होतं. तिने आईकडे पाहिलं.

आई पुढे झाली. तराजूत बसवण्याआधी तिने लेकीला उचलून कडेवर घेतलं. दहा नव्हे, अकरा वर्षांच्या घोडीला! मग अलगद पारड्यात ठेवलं आणि पहिली ढेप उचलली.

"लाभ," ती म्हणाली.

दुसरी ढेप ठेवली. "लाभ."

तिसरी ठेवली. "लाभ."

लोक चुळबुळले. पाटील म्हणाले, "मापाडीणबाई, मोजणं विसरलात की काय? दोन, तीन म्हणा!"

"धान्याला म्हणेन, पाटील," मापाडीण म्हणाली. "माझी पोर मी गेल्या वर्षी आकड्यात मोजली आणि हातची घालवत होते. लेकराला आकडा लावायचा नाही. ते सगळंच्या सगळं लाभाचं असतं."

मग गर्दीतून ऊस वाहणारा कुणीतरी ओरडला, "लाभ!" पुढच्या ढेपेला दहा जण म्हणाले, त्याच्या पुढच्या ढेपेला सगळं गाव म्हणालं. काटा सरळ झाला तेव्हा किती ढेपा लागल्या हे कुणीच मोजलं नव्हतं. वेणूने पारड्यातून उडी मारली, धाडकन, दोन्ही पायांवर. गूळ वाटला गेला, आणि तो नेहमीपेक्षा गोड होता असं म्हातारी माणसं पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली.

त्या गावात मुलांची तुला अजून तशीच होते म्हणतात. लाभ, लाभ, लाभ.

तात्पर्य: लेकराला तोलत बसू नये, त्याच्या शेजारी बसून सकस जेवावं, त्याच्यासोबत चांगलं पुस्तक वाचावं, मग ते अंगाने आणि मनाने आपलं आपण नीट वाढतं.