उरलेले वीस रुपये

शाळेचे अध्यक्ष भास्करराव ढमढेरे यांना मुलांच्या उधळेपणाची फार काळजी. सभेत जिलेबीची दुसरी बशी संपवून त्यांनी फर्मान काढलं, "मधल्या सुट्टीच्या खाण्यासाठी वीस रुपयांच्या वर कुणी आणायचे नाहीत. या वयात अर्धी भूक मनाची असते."

घरच्या डब्याला शाळेत बंदी होती. कॅन्टीन अध्यक्षांच्या मेहुण्याचं, आणि तिथे मिसळ चाळीस रुपये.

दहावीतली रेवती कुदळे उभी राहिली. "चालेल, सर. वीस रुपये रोख देऊ. अर्धी भूक मनाची आहे, तर उरलेले वीस तुमच्या मेहुण्यांना मनातल्या मनात देऊ."

आधी शिक्षकच हसले. अध्यक्षांनी घाईघाईने पाणी मागवलं.

सोमवारपासून मिसळ वीस रुपयांना मिळू लागली. रेवतीला तर्री वाढताना मात्र मेहुण्यांचा हात अजून आखडतो.