हिंगणमाळचा शंभर टक्के निकाल

हिंगणमाळ गावात एक भोळा मास्तर होता. त्याच्या भोळेपणाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. अडचण एवढीच होती की तो सातवीला गणित शिकवायचा.

नाव केरबा मास्तर. खिशात एक लाल वही. साहेबांनी काही सांगितलं की मास्तर ते वहीत लिहायचा, वही खिशात ठेवायचा आणि म्हणायचा, "आता नाही चुकणार." डोक्यात काही ठेवायची त्याला कधी गरज पडली नाही.

साहेब म्हणजे केंद्रप्रमुख खटके. दहा शाळा त्यांच्या हाताखाली. गणित कसं शिकवावं याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं. त्यातला एक दिवस उद्घाटनात गेला, एक समारोपात. मधल्या दिवशी साहेब रजेवर होते.

जूनमध्ये वरून कागद आला. सातवीचा वर्ग चालू राहायचा असेल तर दोन अटी. पटावर किमान वीस मुलं हवीत. आणि तपासणीच्या दिवशी शेकडेवारीच्या परीक्षेत साठ टक्के मुलं पास व्हायला हवीत. नाही तर वर्ग बंद. मग पुढची शाळा देवळसईला, नऊ किलोमीटरवर, घाट उतरून.

वर्गात पंचवीस मुलं होती. त्यांत एक सुगंधा. तिच्या बापानं घरी सांगून टाकलं होतं, "वर्ग गावात आहे तवर शीक. बंद झाला की शेळ्या तुझ्या." शेळ्या सात होत्या. सुगंधाला त्या सातही आवडत नव्हत्या.

खटके साहेब शाळेत आले. म्हणाले, "मास्तर, प्रमाण शिकवा. सोपं असतं. पाच मुलांच्या खिचडीला दोन वाट्या तांदूळ, तर पंचवीस मुलांना दहा वाट्या. मुलं वाढली की त्याच प्रमाणात बाकीचं वाढतं."

मास्तरनं वहीत लिहिलं. 'मुलं वाढली की बाकीचं वाढतं.' वही खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो खिचडी करणाऱ्या सरूबाईकडे गेला.

"सरूबाई, पाच मुलांची खिचडी किती वेळात होते?"

"वीस मिनिटांत."

"मग पंचवीस मुलांची शंभर मिनिटं शिजवायची."

"मास्तर, कोळसा हुईल तिचा!"

व्हरांड्यात ताटली घेऊन बसलेली सुगंधा उठली. "पण गुरुजी, तांदूळ वाढतो, शिजायचा वेळ नाही तेवढा..."

"खाली बस. नियम आहे."

खिचडी शंभर मिनिटं शिजली. सरूबाईनं पातेलं उलटं केलं, तरी ती पडेना. शेवटी खुरप्यानं काढली. पंचवीस मुलं उपाशी घरी गेली. प्रमाण मात्र बरोबर होतं.

साहेब तापले. "अहो, सगळंच वाढत नसतं! काही गोष्टी उलट चालतात. चार माणसांना अंगण सारवायला पाच तास लागले, तर वीस माणसांना एकच तास लागतो. संख्या वाढली की वेळ कमी होतो."

मास्तरनं लिहिलं. 'संख्या वाढली की वेळ कमी.' वही खिशात ठेवली. "आता नाही चुकणार."

बुधवारी पोषण आहारात अंडी आली. एक अंडं उकडायला पंधरा मिनिटं. मास्तरनं फळ्यावर भागाकार केला. पंचवीस अंड्यांना छत्तीस सेकंद.

"पण गुरुजी," सुगंधा म्हणाली, "अंडी काय एकमेकांना मदत करतात का?"

"खाली बस."

मास्तरनं हातात घड्याळ धरलं. छत्तीस सेकंद झाले आणि अंडी बाहेर काढली. मुलांनी टरफलं फोडली. पिवळं सगळं सदऱ्यांवर आलं. सरूबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "मास्तर, उद्या पन्नास अंडी आणा. चूल पेटवायचीबी गरज न्हाई."

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "प्रमाण सोडा. शेकडेवारी घ्या. टक्के म्हणजे काय? शंभरात किती. म्हणून आधी शंभर करायचे, मग मोजायचं. लिहा."

'आधी शंभर करायचे.'

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "आजची हजेरी किती टक्के? अर्ध्या तासात कळवा." त्या दिवशी पंचवीसपैकी बावीस मुलं हजर होती.

सुगंधानं बोट वर केलं. "गुरुजी, अठ्ठ्याऐंशी. पंचवीसला चारनं गुणलं की शंभर होतात. मग बावीसलाही चारनं..."

"खाली बस. शंभर आहेत कुठे?"

शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस. मास्तर बाजारात गेला आणि पंच्याहत्तर माणसं घेऊन आला. त्यांत भाजीवाल्या होत्या, कल्हईवाला होता, आणि अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक होतं. त्याच्या मागून वस्तरा घेऊन न्हावीही आला होता. तो शहात्तरावा निघाला, म्हणून त्याला परत पाठवलं. गिऱ्हाईक आत, न्हावी बाहेर. मास्तरनं सगळ्यांना रांगेत बसवून मोजलं. तीन मुलं गैरहजर. साहेबांना कळवलं, "सत्त्याण्णव टक्के."

साहेब फोनवर ओरडले, "पंचवीस मुलांत सत्त्याण्णव येतीलच कसे? एक मूल गेलं की चार टक्के जातात!"

एवढी अक्कल साहेबांना होती. ती ते फक्त ओरडताना वापरायचे.

मग सराव परीक्षा झाली. पंचवीसपैकी दहा पास. चाळीस टक्के. अटीला अजून पाच मुलं कमी होती.

सुगंधानं त्याच दुपारी शंभर चिंचोके गोळा केले. व्हरांड्यात सगळ्यांना बसवून प्रत्येकापुढे चार-चार मांडले. "हे बघा, आपण पंचवीस जणं मिळून शंभर. म्हणजे तू एकटा चार टक्के. तू नापास झालास की तुझे चार चिंचोके गेले." ज्याला वर्षभर मास्तर कळला नव्हता त्याला चिंचोके एकाच दुपारी कळले. रोज मधल्या सुट्टीत चिंचोके मांडले जायला लागले. आठवड्याला एक-दोन पोरं सुधारत होती.

मास्तरनं ते पाहिलं. म्हणाला, "चिंचोके अभ्यासक्रमात नाहीत." आणि साहेबांना फोन लावला.

साहेब म्हणाले, "मास्तर, टक्का कुठे अडतो ते बघा. खालचा आकडा मोठा असला की टक्का पडतो. खालचा आकडा लहान करा, टक्का चढतो. गणित आहे हे. ठेवू?"

'खालचा आकडा लहान करा.' वही खिशात गेली.

खालचा आकडा म्हणजे पटावरची मुलं. मास्तरनं लाल पेन घेतलं आणि हजेरीपटावरची नावं खोडायला बसला. पंधरा नापास खोडले, शंभर टक्के झाले. पण साहेब लहान करा म्हणाले होते. मास्तर खोडत राहिला. शेवटी शून्यही करून पाहिलं, तर भागाकार होईना. म्हणून एक नाव परत लिहिलं. सुगंधा.

"तुम्ही चोवीस जणं आता नाही आहात," तो मुलांना म्हणाला. "बाहेर बसा."

चोवीस मुलं व्हरांड्यात जाऊन बसली. गावात कोणी विचारलं नाही. उलट पंचायतीनं फलक लावला, 'शंभर टक्के निकालाच्या वाटेवर आपली शाळा.' सुगंधा रोज खिडकीतून चिंचोके बाहेर द्यायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन. "मास्तर, पटावर वीस आहेत ना? वीस लागतात, विसरू नका."

मास्तर घाबरला. पटावर एक होती. मुलं परत घ्यावीत तर टक्का पडेल. न घ्यावीत तर वीस होत नाहीत. त्यानं सगळी वही चाळली आणि त्याचा चेहरा उजळला. पटावर सुगंधाचं नाव त्यानं वीस वेळा लिहिलं. वीस नावं झाली. आणि वीसच्या वीस हुशार!

सकाळी खटके साहेब आले. खुर्चीत बसून पट उघडला.

"सुगंधा."

"हजर."

"सुगंधा."

"हजर."

"सुगंधा... मास्तर, हे काय आहे?"

"वीस आहेत, साहेब. सगळ्या पास होतील."

साहेबांनी वर्गात पाहिलं. एक मुलगी आणि चोवीस रिकाम्या जागा. त्यांनी फॉर्म काढला. "हजेरी. वीसपैकी एक. किती टक्के?"

मास्तर वही चाळू लागला. खिडकीबाहेर हात वर झाले. एक, दोन, पाच, दहा. चौदा हात. चौदाही जणं एकदम ओरडले, "पाच टक्के!"

सुगंधानं हात मोजले. "साहेब, हे चौदा आणि मी. पंचवीसपैकी पंधरा. साठ टक्के झाले. त्यांची नावं परत घाला ना. पंधरा पास, पंचवीस पट. दोन्ही अटी होतात."

वर्गात दोन शिकलेले पुरुष होते. त्यांच्यापैकी एकालाही हा हिशोब सुचला नव्हता.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं. "बाई, फॉर्म पटावरून भरायचा असतो. खिडकीवरून नाही."

"साहेब," मास्तर म्हणाला, "निकाल शंभर, हजेरी पाच. एकशे पाच टक्के झाले. एवढे आजवर कुणाचे झाले नसतील."

वर्ग बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सुगंधा सात शेळ्या घेऊन शाळेवरून चालली होती. डोळे सुजलेले. मास्तर पायरीवर बसला होता, मांडीवर हजेरीपट. त्याला पोरीची दया आली.

"रडू नकोस, बाळ," तो म्हणाला. "तू एक गेलीस म्हणून काय झालं? पटावर अजून एकोणीस सुगंधा आहेत."