पंगतीच्या टोकाला

एकदा एका तालुक्याच्या गावी एक शिष्या आपल्या वृद्ध गुरुजींकडे एक विलक्षण प्रश्न घेऊन आली. गुरुजींनी हयातभर शाळेत भूमिती शिकवली होती. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे बांधाच्या तंट्यापासून रुसलेल्या सुनेपर्यंत सगळं घेऊन येत. पण हा प्रश्न आजवर कुणी आणला नव्हता.

"गुरुजी, इंटरनेट कुणाचं घेऊ?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बस आधी, शर्वाणी. झालं काय?"

झालं होतं ते असं. शर्वाणी घरातल्या पुढच्या खोलीत शिवलेल्या नऊवारी आणि त्यांवरचे ब्लाउज करून परगावी पाठवत असे. मापं व्हिडिओ कॉलवर घ्यायची. पलीकडे एकजण टेप धरी आणि अलीकडून ही सांगे, "थोडं वर घ्या, खांद्याचं हाड दिसू दे, हां, आता बरोबर." मागच्या महिन्यात केतकी नावाच्या नवरीचं माप घेताना चित्र मध्येच गोठलं. टेप तिकडे घसरली, पण हिच्या पडद्यावर ती जागच्या जागीच होती. हिने तेच माप धरून कापड कापलं. ब्लाउज इंदूरला गेला आणि तसाच परत आला.

केतकी चिडली नाही. गोड आवाजात म्हणाली, "ताई, रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्याजणी जमतोय. परत मापं घेऊ. नाहीच जमलं, तर मग आम्ही इथेच कुणाकडे तरी शिवायला टाकतो."

त्या गोडव्यानेच शर्वाणीची झोप उडाली होती. या कामापायी तिने पतपेढीतली नोकरी सोडली होती. सासूबाई काही म्हणत नसत. त्या काही म्हणत नाहीत, याचीच तिला धास्ती वाटे. त्यात धाकटी लेक कार्टून लावल्याखेरीज स्वस्थ बसत नसे, आणि कार्टून लावलं की कॉल अडखळे. म्हणून नवं कनेक्शन घ्यायचं ठरलं. गावात ते देणारे तिघे होते. एकाचा वेग डोळे दिपवणारा, दुसऱ्याची सवलत मोठी, आणि तिसरा गल्लीतलाच केबलवाला, ज्याची जाहिरात म्हणजे विजेच्या खांबावर लटकवलेला एक पत्रा. तिने तिन्हींची माहिती इतक्यांदा वाचली होती, की आपल्याला यातलं काही कळत नाही, एवढं मात्र तिला पक्कं कळलं होतं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग चल. देवळात उत्सवाची पंगत आहे. लेकीलाही घे."

शर्वाणी गोंधळली. रविवार तोंडावर आला होता आणि गुरुजींना जेवण सुचत होतं! पण शाळेपासूनची सवय; ती अंगणात खेळणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन मुकाट्याने मागे चालू लागली.

मांडवात शिरताच कार्यकर्ते धावत आले. "या गुरुजी, इकडे वर बसा, मुदपाकखान्याजवळ. सगळं गरम मिळेल."

गुरुजी हसले आणि चालत चालत थेट दुसऱ्या टोकाला, हात धुण्याच्या नळाशेजारी जाऊन बसले.

"अहो गुरुजी, तिथे ऊन येतं!"

"येऊ दे. त्यालाही भूक लागली असेल."

पंगत गच्च भरली. वाढप सुरू झालं. पिवळ्या सदऱ्यातला एक तरुण आमटीची बादली घेऊन असा सुटला, की वरच्या पानांवरून कौतुकाचे उद्गार उठले. "वा! याला म्हणतात वाढपी!" तो वाऱ्यासारखा टोकाशी आला, तेव्हा बादलीत डाव खडखडला. "आणतो हं!" म्हणाला आणि गेला. परत आला तो पुन्हा वरूनच, आणि पुन्हा टोकाशी येईतो बादली रिकामी.

शर्वाणी कोरड्या भाताकडे पाहत राहिली. लेकीने जिलबीवर भागवलं. गुरुजीही हात आवरून बसले होते, पण हाक मारत नव्हते. ते नुसते पाहत होते.

मग दुसऱ्या बादलीसह एक जाडजूड, घामाघूम झालेले गृहस्थ आले. त्यांची चाल बेताची होती. डाव मोजका होता, पण प्रत्येक पानावर पडत होता, आणि टोकाला पोचले तरी बादलीत आमटी होती. ते लेकीकडे पाहून थबकले. "हिला तिखट लागेल. साधं वरण आणतो." ते गेले आणि खरोखरच वरण घेऊन आले.

हात धुताना शर्वाणीला राहवेना. "गुरुजी, तुम्ही मुद्दाम इथे बसलात?"

गुरुजी म्हणाले, "मला तुझ्या त्या तारांतलं काही कळत नाही. पण वर बसलेल्यांना विचारलं असतंस, तर त्यांनी पिवळ्या सदऱ्याचंच नाव सांगितलं असतं. खोटं नव्हे, त्यांना तेच दिसलं. कंपनीवाला तुला वेग दाखवतो, तेव्हा तू पंगतीत वर बसलेली असतेस. वेळ भर दुपारची, बाकीची पानं रिकामी. तुझं काम कधी असतं?"

"संध्याकाळी. बायका कामावरून घरी आल्या की."

"म्हणजे अख्खी गल्ली पानावर बसलेली असते तेव्हा. मग विचारायचं ते टोकाच्या माणसाला, आणि पंगत भरलेली असताना. आणि 'आणतो' म्हणून गेलेला परत येतो का, तेही विचारायचं."

त्याच संध्याकाळी शर्वाणी दारोदार हिंडली. दिपवणारा वेग घेतलेल्या क्लासच्या बाई हसून म्हणाल्या, "दुपारी या ना, सुरेख चालतं! आत्ता माझा चेहराच मुलांना तुकड्यातुकड्यांत दिसतोय." सवलतवाल्याच्या गिऱ्हाईकाने तक्रार करून आठवडा झाला होता, उत्तर गोड आलं होतं, माणूस आला नव्हता. गल्लीच्या शेवटच्या घरात मात्र एक आजोबा परदेशातल्या लेकीशी निवांत गप्पा मारत होते. "आमचा केबलवाला? फांदी पडून तार तुटली, तर त्याच दिवशी शिडी घेऊन हजर. पुटपुटत होता, पण जोडून गेला."

केबलवाला तार ओढताना म्हणाला, "ताई, आधीच सांगतो, वेग त्यांच्याइतका नाही हं."

"टोकापर्यंत पोचतो ना?"

तो चक्रावला. "म्हणजे काय! पोचायलाच हवा."

रविवारी संध्याकाळी शर्वाणीने मोडेमचे दिवे पुन्हापुन्हा तपासले, मनातल्या मनात देवाला नमस्कार केला आणि कॉल लावला. शेजारी लेकीचं कार्टून सुरू होतं. पलीकडे केतकीसह सगळ्या हसत, एकमेकींना ढकलत उभ्या होत्या. टेप हलली की पडद्यावरही हलत होती. शर्वाणीने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेव्हा तिचं लक्ष मागच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक वयस्क मावशी खुर्चीत बसल्या होत्या.

"त्यांचं माप?"

"माझं राहू दे गं," मावशी म्हणाल्या. "उरल्या कापडात कसंही शिव."

शर्वाणीला उन्हातलं ते पान आठवलं. "नाही मावशी," ती म्हणाली, "आधी तुम्ही पुढे या. आज तुमच्यापासून सुरुवात करू."

घेताना असो वा देताना, टोकाच्या पानावर काय पडतं ते पाहावं. बाकीची पंगत आपोआप कळते.