निळ्या ओढ्याचा वसा

ऐक जलदेवते, तुझी कहाणी. नगर एक आटपाट, त्याला एक ओढा. ओढ्याच्या वरच्या अंगाला भानजी रंगाऱ्याचे निळीचे हौद. त्याच्या निळ्या लुगड्यांना राणीच्या घरी मान. शंभर माणसं त्याच्याकडे राबत. भानजी दानशूर मोठा, दर श्रावणात गावजेवण घाली. सगळा गाव जेवी, पण खालच्या आळीचं कुणी पानावर बसेना.

त्याची सून येसू. तिला नवल वाटलं. सासूला पुसलं, "आत्याबाई, खालची आळी का येत नाही?" सासू म्हणाली, "माज आलाय मेल्यांना." सासऱ्याला पुसलं. तो म्हणाला, "बोलावणं पोचलं नसेल." तिचं समाधान होईना. मग काय केलं? शुक्रवारी उठली, ओढ्याकाठानं खाली चालू लागली.

पाणवठ्यावर एक म्हातारी होती. येसू म्हणाली, "आजी, तहान लागली, पाणी दे."

"कोसभर जाऊन आणते, मग देते."

"ओढा तर पायाशी आहे!"

"बाई, याला गाय तोंड लावीना. पोर नाहलं तर अंग खाजतं. भात निळा शिजतो. मग तुमच्या जेवणाचा घास आम्हांला कसा उतरेल?"

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, याला उपाय काय?"

"वसा सांगते. दर शुक्रवारी इथं यावं. भेटेल त्या बाईला पुसावं, आमच्यापायी तुला काय सोसावं लागतं? ती सांगेल ते ऐकावं, मधे बोलू नये. मग इथलं तांब्याभर पाणी न्यावं, घरच्या कर्त्यापुढे ठेवावं. उतू नये, मातू नये, पुसल्यावाचून राहू नये."

पहिल्या शुक्रवारी भानजीनं तांब्याकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या शुक्रवारी रागावला, "हौद बंद करू? शंभर घरच्या चुली कोण पेटवील?" येसू म्हणाली, "मामंजी, बंद करा म्हणत नाही. प्या म्हणते." तिसऱ्या शुक्रवारी त्यानं तांब्या उचलला, ओठाशी नेला. पिववेना. मान खाली घातली.

मग तीन खड्डे खणले, वाळू घातली, कोळसा घातला, हौदाचं पाणी त्यांत मुरवलं. त्या खटपटीत राणीची लुगडी रखडली. राणीनं बोलावून जाब पुसला. भानजीनं खरं ते सांगितलं. राणी रुसली, दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेली. भानजी डगमगला नाही, लुगडी आठवडी बाजारात नेऊन विकू लागला. पावसाळा सरला, ओढा निवळला, गाई पाणी पिऊ लागल्या.

भानजीला वाटलं, वसा पुरा झाला. एका शुक्रवारी स्वतःच पाणवठ्यावर गेला. एक बाई घागर भरत होती. डौलानं पुसलं, "बाई, आता आमच्यापायी काही सोसणं उरलं नाही ना?"

बाईनं घागर खाली ठेवली, हात पुढे केले. तळवे सोललेले, बोटांना चिरा. म्हणाली, "मालक, बारा वर्षं तुमच्याच हौदावर चुना कालवते."

भानजीनं ते हात कधी पाहिले नव्हते. ओठांवर आलेलं उत्तर त्यानं गिळलं. तिथंच दगडावर बसला, म्हणाला, "सांग बाई, ऐकतो."

जलदेवते, भानजीला जशी पुसायची आणि ऐकायची बुद्धी दिलीस, तशी इथं बसलेल्या सगळ्यांना दे. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.