अर्ध्या फोटोची कडा

"फाटला कुठं होता, ते दाखव."

"तीच तर गंमत आहे, काका. तुम्हीच शोधा."

रहमीम आवासकरांनी फोटो खिडकीकडे धरला. तिरका केला, पालथा केला. भिंग लावून वरपासून खालपर्यंत पाहिला.

"नाही सापडत," ते म्हणाले.

केतकीने हाताची घडी घातली. या दोन शब्दांसाठी ती तीन आठवडे राबली होती.

पुण्यात रास्ता पेठेतल्या या खोलीत जुने कागद बरे व्हायला येत. पोथ्या येत, सनदा येत, वाळवीने चाखलेली प्रेमपत्रंही येत. रहमीमकाका चाळीस वर्षं हेच करत आले होते. त्यांच्या हाताखाली शिकायला आजवर सहा जण आले आणि पाच पळाले. सहावी ही केतकी हर्डीकर. इटलीत दोन वर्षं हीच विद्या शिकून आलेली, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेली. पण पोरीचा हात खराच असा होता, की तिने भोक बुजवलं तर ते कुठे पाडलं होतं हे वाळवीलाही आठवू नये.

फोटो एका बाईंनी आणून दिला होता. त्या वेळी काका महिनाभर बहिणीकडे आवासला गेले होते. केतकीने काम परस्पर घेतलं, परस्पर केलं, आणि काका परतल्यावर त्यांच्यापुढे ठेवलं.

तपकिरी पडलेला, स्टुडिओत काढलेला फोटो. गडद कोट घातलेली एक तरुण बाई खुर्चीत बसलेली, शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी. आला तेव्हा तो उभाच्या उभा फाटलेला होता, थेट त्या बाईच्या मधोमध. अर्धा चेहरा, अर्धा कोट, एकच हात. उरलेली अर्धी बाई केतकीने नव्या कागदावर घडवली. उरलेल्या गालावरून नसलेला गाल काढला. बाही काढली, खुर्चीचा हात काढला, मागचा पडदासुद्धा सुरकुत्यांसकट काढला.

"खळ कोणती?" काकांनी विचारलं.

"आपलीच. गव्हाची, त्याच दिवशी शिजवलेली. पाणी लावलं की सुटेल अशी."

"रंग नव्या कागदावरच लावलास ना?"

"हो... म्हणजे जुन्यावर अगदी एवढासा. कोटाच्या गुंडीपाशी बुरशीचे तीन फिकट ठिपके होते. झाकले."

काकांनी भिंग खाली ठेवलं. जुन्या कागदाला कुंचला टेकवायचा नाही, हा त्या खोलीतला पहिला नियम होता.

"पाण्याचा रंग आहे, काका. आणि दिसतोय का? नाही ना?"

"नाही दिसत."

"मग?"

"ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारलंस, कसा फाटला?"

केतकी हसली. "त्यात काय विचारायचं? फाटलं ते फाटलं. आपलं काम जोडायचं."

जिन्यात पावलं वाजली.

एडिथबाई तळकर वर आल्या. पासष्टीच्या, गोऱ्यापान, पाठ सरळ. त्यांचे पती रेल्वेत होते, काकांच्याच बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. बाई मूळच्या ब्रुसेल्सच्या, पण पंचेचाळीस वर्षं पुण्यात काढलेली, आणि मराठी अलिबागच्या सासूकडून शिकलेली. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या घरचं कुणी उरलं नाही, एवढंच लोकांना माहीत होतं. त्याहून जास्त कुणी विचारलं की बाई विषय बदलायच्या. कीव त्यांना खपत नसे.

केतकीने फोटो दोन्ही हातांनी पुढे केला.

बाईंनी पाहिला. बराच वेळ पाहिला.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "हात फार चांगला आहे तुझा, मुली."

केतकीने काकांकडे पाहिलं. पाहिलंत? असं तिचे डोळे म्हणत होते.

"पण हा माझा फोटो नाही."

"आजी, तुमचाच आहे. ही बघा, ही तुम्ही..."

"मी आहे. आईही आहे. लोटे कुठं गेली?"

"कोण लोटे?"

बाईंनी गुंडीपाशी बोट नेलं. टेकवलं नाही.

"इथं तिची बोटं होती. तीन."

केतकीने गुंडीकडे पाहिलं.

काकांनी खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या, आणि मोजकं बोलल्या.

"बेचाळीस साल. नाझींनी आम्हा ज्यूंना घराघरातून वेचून न्यायला सुरुवात केली होती. काही भली माणसं मुलं लपवायची. कुणाचं मूल कुठं ठेवलं ते आईलासुद्धा सांगायची नाहीत. आई पकडली गेली, तर मारून मारून पत्ता काढून घेतील म्हणून. मला एका मठात ठेवायचं ठरलं. लोटेला कुठं, ते आम्हाला कळणार नव्हतं. ती दोन वर्षांची होती."

"मग?" केतकी म्हणाली.

"आदल्या दिवशी आईनं आम्हाला फोटो काढायला नेलं. ज्यू ओळखू यावेत म्हणून कोटावर पिवळा तारा शिवण्याची सक्ती होती. तिनं तो उसवला. कुणी पाहिलं असतं तर तिथूनच नेली असती. म्हणाली, माझ्या मुलींच्या फोटोत मी मला हवी तशीच बसणार... मान बघ तिची."

मान ताठ होती. नव्या अर्ध्या भागातही केतकीने ती ताठच काढली होती.

"लोटे आईच्या दुसऱ्या बाजूला होती. फोटोवाला म्हणाला, बाळाचा हात बाजूला करा, कोटावर आलाय. आई म्हणाली, राहू दे. फोटो आला, आणि आईनं तो माझ्यादेखत फाडला. स्वतःच्या मधोमध. अर्धा माझ्या अस्तरात शिवला, अर्धा लोटेच्या झबल्यात. मला म्हणाली, तिला नाव सांगता येत नाही. मोठी झाली की तेही विसरेल. कडेला कडा लागली, की समज तीच."

बाईंनी फोटो टेबलावर ठेवला.

"आई परत आली नाही. लोटेला घेऊन जाणारी बाई पकडली गेली, आणि लोटेला कुठं ठेवलंय हे तिच्याबरोबरच गेलं. पण लोटे मेली असं मला आजवर कुणी दाखवून दिलेलं नाही. आता छप्पन्न वर्षांची असेल. नाव वेगळं असेल, देव वेगळा असेल. परदेशात एक संग्रहालय आहे. आमच्यासारख्यांचे कागद, फोटो जपतात. आपली माणसं शोधायला लोक तिथं येतात. सोमवारी माझ्या नवऱ्याचा भाचा तिकडं निघालाय. त्याच्याबरोबर हा पाठवायचा आहे. ती आलीच, तर तिच्याजवळ नाव नाही, गाव नाही... एक कडा आहे."

केतकीने टेबलावरच्या फोटोवर वाकून पाहिलं. फोटोला आता कडाच नव्हती. होती ती छान चौकोनी, सगळ्या बाजूंनी पुरी. त्या पुऱ्या फोटोत एका आईला एकच मुलगी होती.

"मला सांगायला हवं होतं तुम्ही," ती कशीबशी म्हणाली.

"तू विचारलं नाहीस," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे. "आणि मी आपण होऊन सांगत नाही."

दोन्हीकडे तोरा भरपूर होता, खरं सांगायचं तर. त्या खोलीत तो नसलेलं माणूस एकच होतं. ते आता उठून कपाटाकडे गेलं. काकांनी पाण्याचा वाडगा आणला, टिपकागद आणला, हाडाची पातळ पट्टी आणली. सगळं केतकीपुढे ठेवलं.

"जोड सोडव."

"काका, तुम्ही करा. माझ्यानं नाही होणार."

"जोडणारा हात ज्याचा, सोडणाराही त्याचाच."

आणि काकांनी आपले दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

केतकीने फोटो पालथा घातला. ओलसर टिपकागदाची पट्टी जोडावर ठेवली, वर काच ठेवली. थांबली. घाई केली तर जुना कागदही सोलून येतो, हे तिला इटलीतही सांगितलं होतं आणि इथेही. दुपार कलायला लागली होती. शुक्रवार होता, दिवेलागणीला काकांचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागणार होता आणि मग त्या खोलीत कशालाही हात लावता येणार नव्हता. तरी काका घड्याळाकडे पाहत नव्हते.

तिने काच उचलली. पट्टीचं टोक जोडात सरकवलं. केसाएवढं... आणखी केसाएवढं.

पडदा सुटला. खुर्चीचा हात सुटला. मग तिने काढलेला तो गाल, ज्यावर तिने चार दिवस घालवले होते, अलगद सुटून टेबलावर पडला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

आता रंग. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवून पिळला, गुंडीपाशी टेकवला आणि उचलला. कापसावर तपकिरी डाग आला. नवा कापूस. पुन्हा टेकवला. पहिला ठिपका दिसला. मग दुसरा.

तिसऱ्याला फार वेळ लागला. तिच्या कपाळावरून घाम ओघळला, तो फोटोवर पडू नये म्हणून बाईंनी आपल्या रुमालाने टिपला.

तिसरा उघडला. केतकीने भिंग लावलं.

"काका..." ती म्हणाली. "नख आहे."

बाई वाकल्या, पाहिलं. रडल्या नाहीत. सरळ झाल्या, आणि आपली तीन बोटं केतकीच्या बाहीत रुतवून घट्ट धरली.

"अशी," त्या म्हणाल्या. "आमची लोटे. दोन वर्षांची, पण धरलं की सोडायची नाही."

असा अभिमान कुणाच्या चेहऱ्यावर क्वचितच दिसतो. राणीलाही तो शोभला असता. बाईंनी बाही सोडली तरी चुरगळलेली जागा केतकीने नीट केली नाही.

काकांनी फोटो उजेडात धरला. दातेरी कडा वरपासून खालपर्यंत जशीच्या तशी होती. एक तंतू हललेला नव्हता.

"तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे," ते म्हणाले.

आधीच्या पाच जणांना हे वाक्य ऐकायला मिळालं असतं तर ते कदाचित पळाले नसते. केतकीने मान खाली घातली. थोड्या वेळाने वर केली, तेव्हा ती एडिथबाईंच्या आईसारखीच ताठ होती.

"घरटं मी करते," ती म्हणाली. दूर पाठवायच्या फोटोला काका जाड पुठ्ठ्यात त्याच्याच आकाराची खाच कापून देत, फोटो त्यात बसे आणि हलत नसे. त्याला ते घरटं म्हणत.

तिने पुठ्ठा घेतला. अर्धा फोटो त्यावर ठेवला. दातेरी कडेच्या बाजूने पेन्सिल फिरवायला लागली, प्रत्येक दाता जपून, जिथल्या तिथे.

काकांनी खिशातून हात काढला आणि पेन्सिलीपुढे पुठ्ठ्यावर आडवा ठेवला.

"काय चुकलं?" केतकीने विचारलं.

"माप."

"बरोबर घेतलंय, काका. अर्धा फोटो एवढाच आहे..."

काका खिडकीबाहेर उतरलेल्या उन्हाकडे पाहून घाईने म्हणाले,

"दोघींच्या मापाचं काप."